पहिला तास कोणाचा?

गल्लीत कुणी रात्री मोठमोठ्याने ओरडायला लागलं, घरातली भांडी रस्त्यावर फेकायला लागलं, की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. पोलिसांना बोलवा, नाहीतर चौघांनी धरून बांधा. तिसरा काही मार्ग असतो का, ते या पाठात पाहू.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात युजीन नावाचं शहर आहे. तिथे १९८९ साली व्हाइट बर्ड क्लिनिक या संस्थेने शहराच्या सहकार्याने एक व्हॅन सुरू केली. उपक्रमाचं नाव काहूट्स. कुणाचं मानसिक संतुलन ढळलंय, कुणी जीव द्यायची भाषा करतोय असा फोन आला, की या व्हॅनमधून दोघं जण जात. एक नर्स किंवा प्राथमिक उपचार जाणणारा, आणि दुसरा अशा प्रसंगात बोलण्याचं शिक्षण घेतलेला कार्यकर्ता. हातात शस्त्र नाही, अंगात खाकी नाही. २०१९ मध्ये त्यांनी सुमारे २४,००० फोन हाताळले आणि पोलिसांची कुमक मागितली ती साधारण १५० वेळा, असं संस्थेचं म्हणणं. यातले बरेच फोन नुसती विचारपूस करण्याचे किंवा कुणाला कुठे पोहोचवण्याचे होते, त्यामुळे या आकड्याने फार हुरळून जाऊ नये. तरीही एवढं दिसतंच, की अशा प्रसंगात दर वेळी बळ लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पैशांअभावी युजीनमधली ही सेवा थांबली. कामात खोट निघाली म्हणून नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं.

आता त्या दोघांत एक वैद्यकीय माणूस कशाला? कारण ‘डोकं फिरलंय’ असं दिसणारं प्रत्येक प्रकरण मनाचंच असतं असं नाही. मधुमेह्याची साखर एकदम खाली गेली, डोक्याला मार लागला, मेंदूपर्यंत ताप गेला, की माणूस बरळतो. रोजचा पिणारा अचानक दारू सोडतो आणि दोन-तीन दिवसांनी त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात. त्याला घरचे देवऋषाकडे नेतात, खरं तर त्याला ताबडतोब हॉस्पिटल हवं असतं. उशीर झाला तर तो दगावूही शकतो.

आपल्याकडे अशी व्हॅन दाराशी येत नाही, पण कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना दिसला, किंवा त्याच्यापासून त्याला स्वतःला वा इतरांना धोका वाटला, तर कलम १०० नुसार त्याला संरक्षणात घेणं पोलिसांचं कर्तव्य आहे. मात्र त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. शक्य तितक्या लवकर, आणि कसंही करून २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. कलम ९४ प्रमाणे तातडीचा उपचार कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर सुरू करू शकतो, मनोविकारतज्ज्ञ येईपर्यंत थांबायला नको.

कलम ११५ तर प्रत्येक घराला माहीत असायला हवं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने आपल्याकडे विष प्यायलेल्या पोराला घरातच मिठाचं पाणी पाजत बसतात, आणि हातातला वेळ निघून जातो.

साखळीलाही या कायद्याने बंदी घातली आहे. त्यामागे एरवाडीची आठवण आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या त्या गावात मनोरुग्णांच्या एका आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. मार्काच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातला थडग्यांमध्ये राहणारा माणूस आपल्या कॉलेजात बहुतेकांना ठाऊक आहे. त्यालाही लोकांनी साखळदंडांनी बांधून पाहिलं होतं. येशू त्याला नाव विचारतो.

ॲम्ब्युलन्स १०८ ला, पोलीस ११२ ला येतात, पण ते पोहोचेपर्यंतचा वेळ शेजाऱ्यांचा. तेव्हा काय करायचं? आधी गर्दी हटवा, मोबाइलचे कॅमेरे खाली. एकानेच बोलायचं, तेही हळू, थोडं अंतर ठेवून. ‘दादा, मी शेजारचा. आत येऊ का, की इथेच उंबऱ्यावर बसू?’ त्याला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत असा वाद घालू नये आणि आपल्यालाही ऐकू येतात असंही म्हणू नये. ‘तुला भीती वाटत असेल’ एवढं पुरतं. कीटकनाशक, दोरी, ब्लेड नजरेआड करावं. जीव द्यायचा विचार येतोय का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नये. त्याच्या हातात कोयता असेल तर मात्र शहाणपणा न करता लांब राहावं आणि ११२ लावावा.

१४४१६ हा टेलिमानसचा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास चालू, आणि भाषा निवडता येते. मराठीही आहे.

भाषेचा मुद्दा आपल्या मंडळासाठी खास. घाबरलेला माणूस घरच्या बोलीत शिरतो. बेळगावच्या एखाद्या आजोबांना धारवाडला नेलं आणि डॉक्टर कन्नड बोलणारे असले, तर मधे कुणीतरी लागतं. रुग्णाला त्याच्या आजाराची आणि उपचाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, असं कायदाही म्हणतो. बहुधा हे काम शिकलेल्या नातवंडाकडे येतं, म्हणजे तुमच्याआमच्याकडे. तेव्हा शब्द गुळगुळीत करू नका. ‘जीव नको झालाय’ हे आपल्याकडे उन्हाने वैतागलेलं माणूसही म्हणतं आणि दोरी शोधणारंही. ‘आजोबांना कंटाळा आलाय’ असं डॉक्टरांना सांगून मोकळं होण्याआधी त्यांच्याकडे वळून विचारावं, ‘आजोबा, नको झालाय म्हणजे कसं? मरावंसं वाटतंय का?’ आणि ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत सांगून मगच त्याचा अर्थ सांगावा.