सोय आणि बांधिलकी

आजचे युग सोयीचे आहे. घरात नळ आला, गॅस आला, दारात गाडी आली, हातात मोबाईल आला. ही साधने वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठ्यावर घोटभर पाणी मिळत नव्हते, त्यांनी सोयींना नावे ठेवू नयेत. प्रश्न एवढाच, की सोय आपली चाकर आहे की मालक झाली आहे?

याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. ऐतवडे बुद्रुकचे कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत. त्यांचा संसार सुखाने झाला असता. पण १९१९ साली कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळे-ओवळे मानणाऱ्या वातावरणात वाढलेल्या. त्यांनी या मुलांना पोटच्या पोरांसारखे सांभाळले. धान्य संपले तसे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मंगळसूत्राचा प्रसंग आपण भाषणात सांगतो. पण मंगळसूत्र एकदाच दिले गेले. मुलांसाठी चूल मात्र रोज पेटत होती. बांधिलकी त्या रोजच्या चुलीपाशी असते.

बाबासाहेबांनीही सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यावर केंद्रीय मंत्रिपद सोडले. पदावर राहणे सोयीचे होते. स्त्रियांना दिलेला शब्द त्यांना मोठा वाटला.

आता आपण आपल्याकडे पाहू. जयंतीच्या मिरवणुकीला आम्ही सगळे हजर असतो. वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेण्याची पाळी आली, की कुणाला पाहुणे आठवतात, कुणाला टीव्हीवरचा सामना. द्राक्षाच्या हंगामात आईबाप बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर राबतात. त्याच दिवसांत परीक्षा येतात. त्या मुलांची वही कोणी पाहायची?

म्हणून शिकून नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने एक मूल दहावी होईपर्यंत आपले मानावे. विद्यार्थी मित्रांनी आपल्याहून लहानांना आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. कंटाळा येईल, पाऊस असेल, त्या दिवशीही जावे. हुकलेला सामना पुन्हा पाहता येतो. शाळा सुटलेले मूल सहसा परत येत नाही.