असिंक मेथडमधून दोन व्हॅल्यू

हे बघ, सी शार्पमध्ये असिंक मेथडला आउट पॅरामीटर लावायच्या फंदात पडू नकोस. कंपायलर सीएस१९८८ ही एरर देऊन तिथेच अडवतो, आणि त्याचं बरोबर आहे. आउटची अट अशी, की मेथड रिटर्न होण्याआधी त्यात व्हॅल्यू भरलेली हवी. असिंक मेथड तर उत्तर तयार नसलं की पहिल्याच अवेटपाशी टास्क हातात देऊन परत फिरते. डेटाबेसचं उत्तर अजून वाटेतच, मग भरणार काय?

तेव्हा जे द्यायचं ते टास्कमधूनच दे. २०१७ साली सी शार्प ७ बरोबर आलेला टपल त्यासाठी उत्तम. समजा ऑर्डरच्या यादीचं एक पान आणि एकूण ऑर्डरची संख्या हवी आहे. रिटर्न टाइप लिही: टास्क<(लिस्ट<ऑर्डर> ओळी, इंट एकूण)>. नावं दिल्याशिवाय टपल लिहूच नकोस. आयटम१, आयटम२ म्हणजे काय, हे सहा महिन्यांनी तुलाही सांगता येणार नाही.

पण नावांवर फार विसंबूही नकोस. दोन्ही व्हॅल्यू इंट असल्या की खरा धोका. मेथड (पानं, एकूण) देते आणि तू घेताना (एकूण, पानं) लिहिलंस, तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. तो फक्त क्रम पाहतो. स्क्रीनवर पाच ऑर्डर आणि शंभर पानं दिसली की मग शोधाशोध. अशा ठिकाणी सरळ रेकॉर्ड कर, सी शार्प ९ पासून ते एका ओळीचं काम आहे. आणि एपीआयमधून टपल बाहेर पाठवू नकोस. सिस्टिम.टेक्स्ट.जेसन आपणहून फील्ड लिहीत नाही, टपलचे घटक म्हणजे फील्डच. समोरच्याला नुसते रिकामे महिरपी कंस जातात.

‘सापडलं का’ आणि ‘काय सापडलं’ एवढंच सांगायचं असेल, तर नल होऊ शकणारा एकच ऑब्जेक्ट पुरतो.

दोन क्वेरी दिसल्या की टास्क.व्हेनऑल लावून एकदम सोडायचा मोह होईल. वेगवेगळ्या सर्व्हिसना विचारत असशील तर जरूर सोड, वेळ वाचतो. पण दोन्हींच्या मागे एंटिटी फ्रेमवर्क कोअरचा एकच डीबीकाँटेक्स्ट असेल तर नको. तो एका वेळी एकच काम घेतो. पहिलं संपायच्या आत दुसरं सुरू केलंस तर इन्व्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन फेकतो. आधी मोजणी अवेट कर, मग ओळी. त्यात फारच वेळ जात असेल तर डीबीकाँटेक्स्टफॅक्टरीकडून दुसरा काँटेक्स्ट घे. तो मात्र काम झालं की तूच डिस्पोज करायचा.