चैत्रातील घर आणि दोन मुले

शाळेत प्रथमच येणारे मूल कोऱ्या पाटीसारखे असते, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी मुलाने घरात किती तरी वस्तू मोजलेल्या असतात, वाटून घेतलेल्या असतात, सांडलेल्या आणि पुन्हा भरलेल्या असतात. त्याच्यापाशी अनुभव असतो. त्याला अंक व अक्षर तेवढे नसते. हा अनुभव ओळखून त्यावर धड्याची इमारत उभारणे हे प्राथमिक शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

घरातील हे शिक्षण कसे चालते हे पाहावयाचे तर चैत्र महिन्यासारखा दुसरा काळ नाही. सणवार, वाळवणे, कैऱ्या आणि ऊन यांची एकच गर्दी या महिन्यात होते आणि घरातील लहानमोठे सर्वजण कामाला लागतात. या पाठासाठी पुणे शहरातील एक बिऱ्हाड डोळ्यांपुढे ठेविले आहे. ते अमुक एका कुटुंबाचे नसून अशा अनेक घरांवरून योजिलेले आहे. खेड्यातील शिक्षकाने त्यात आपल्या गावचे घर शोधावे.

घर व माणसे

कसबा पेठेतील जुन्या वाड्यात दोन खोल्यांचे हे बिऱ्हाड आहे. वडील छापखान्यात कामाला जातात. आई घर सांभाळून उन्हाळ्याच्या दिवसांत चार घरी पापड, कुरडया करावयास जाते. थोरली मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. धाकटा मुलगा चार वर्षांचा आहे. तो दिवसभर ताईच्या मागे असतो आणि ताई जे करील ते त्याला करावयाचे असते.

पाडव्याच्या पहाटे वडील काठी धुऊन पुसून ठेवितात. काठीला खण, कडुनिंबाची डहाळी, फुलांची माळ व साखरेची गाठी बांधून वर तांब्या पालथा घालतात. थोरली एक एक वस्तू हाती देते. धाकटा विचारतो, “बाबा, तांब्या उलटा का?” वडील लगेच उत्तर देत नाहीत. ते तांब्या सुलटा ठेवून दाखवितात, तो कलंडतो. पालथा घातला की काठीच्या टोकावर घट्ट बसतो. गुढीला मागे अर्थ पुष्कळ आहेत, परंतु चार वर्षांच्या मुलाला त्या सकाळी कळला तो हा एक. आणि तो त्याने डोळ्यांनी पाहून मिळविला. नंतर कडुनिंबाची पाने, गूळ, ओवा, मिरी, हिंग व मीठ एकत्र वाटलेली गोळी प्रत्येकाला मिळते. धाकटा थुंकू पाहतो. ताई आपली गोळी तोंडात टाकते, डोळे मिटते आणि गिळते. मग तोही गिळतो.

भिजवलेले हरभरे

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते. अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, ती झोपाळ्यावर असते आणि या काळात एखाद्या दिवशी आई आळीतील बायकांना हळदीकुंकवाला बोलाविते. थोरली अंगणात चैत्रांगण काढावयास बसते. सूर्य, चंद्र, शंख, कासव, गोपद्मे, तुळशीवृंदावन अशी चिन्हे एकामागून एक उमटतात. ठिपके सारख्या अंतरावर पडले नाहीत तर आकृती वाकडी होते, हे तिला कोणी भूमितीच्या तासाला सांगितलेले नाही. धाकट्याचा पाय रांगोळीवर पडून एक रेघ फिसकटते. ताई क्षणभर रागावते, मग त्या फिसकटलेल्या जागीच आणखी एक गोपद्म काढते.

बोलावणे करावयास तीच जाते. अकरा घरे, अकरा नावे. एकही न विसरता प्रत्येक दारी नीट बोलून यावयाचे. परत आल्यावर आई विचारते, “किती वाट्या हरभरे भिजवू गं?” थोरली बोटे घालून विचार करते. प्रत्येकीला अर्धी वाटी हरभरे द्यावयाचे. दोन बायकांना एक वाटी, म्हणजे दहांना पाच आणि अकराव्या बाईला अर्धी. परंतु हे भिजलेले हरभरे झाले. गेल्या वर्षी एक वाटी भिजविली तेव्हा सकाळी जवळजवळ दोन वाट्या भरल्या होत्या, हे तिला आठवते. ती म्हणते, “आई, तीन वाट्या घाल. थोडे उरतील, ते याला होतील.”

पन्ह्याचे मापही घरात ठरलेले असते. उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, तर गूळ दोन वाट्या. धाकटा कोयी मोजतो. पाच मोजून झाल्यावर पुन्हा एकपासून आरंभ करतो. त्याचे मोजणे पाचापर्यंत पक्के झाले आहे, एवढे त्यावरून समजावे.

माठ आणि तुळशीबाग

दुपारी धाकटा माठाला हात लावून म्हणतो, “ताई, माठ रडतो.” माठाच्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या अंगावर येते व त्याची वाफ होते. वाफ होण्यास लागणारी उष्णता माठातून व आतील पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार राहते. चैत्रात पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे वाफ लवकर होते आणि माठ चांगला गार करतो. कोकणच्या दमट हवेत तोच माठ तितका गार करीत नाही. ताईला हे सारे ठाऊक नाही. ती ओले फडके धाकट्याच्या हातावर ठेवून त्यावर फुंकर घालते आणि विचारते, “गार लागले?” विज्ञानाचा पाठ येथेच सुरू झाला, शिक्षकाने तो पुढे न्यावयाचा आहे.

रामनवमीला दोघांना तुळशीबागेतील राममंदिरात नेतात. अठराव्या शतकात नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी उभारलेल्या या मंदिरात दुपारी बारा वाजता रामजन्माचा सोहळा होतो. मंदिराभोवतालच्या बाजारात भातुकलीची भांडी मिळतात. वडील एक पितळी पोळपाट-लाटणे घेऊन देतात. पुढे कित्येक दिवस दोघांची भातुकली रंगते. त्या खेळात पाहुणे येतात, चहा होतो, उसनवार चालते. आई जे शब्द ज्या स्वरात बोलते तेच शब्द थोरलीच्या तोंडून निघतात. एखाद्या रविवारी पेशवे उद्यानात जाणे होते. तेथील ‘फुलराणी’ ही मुलांची आगगाडी १९५६ सालापासून पुण्यातील लहानग्यांना ठाऊक आहे. गाडी सुटण्याची वाट पाहणे, रांगेत उभे राहणे आणि आपली पाळी आल्यावरच चढणे हेही शिक्षणच आहे.

हजेरीपटावरील रिकामी घरे

येथवरचे चित्र सुखाचे आहे. त्याची दुसरी बाजू शाळेत दिसते. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झालेली असते. आईची पापडाची कामेही सकाळचीच असतात, कारण ऊन चढण्यापूर्वी वाळवण घालावे लागते. मग धाकट्याला कोणी पाहावयाचे? थोरली घरी राहते. चैत्राच्या महिन्यात तिच्या नावापुढे सात गैरहजेऱ्या लागतात. ती शाळेत येते त्या दिवशी फळ्यावर उदाहरण असते : अकरा मुलांना प्रत्येकी अर्धा पेरू दिला, तर किती पेरू लागतील? मुलगी गप्प उभी राहते. अपूर्णांक शिकविला त्या दिवशी ती नव्हती. “गणितात कच्ची, अनियमित,” असा शेरा प्रगतिपुस्तकात पडतो.

हरभऱ्यांचा हिशेब बिनचूक सांगणारी मुलगी ती हीच. तिला हिशेब येतो. ‘अर्धा’ हा शब्द अंकात कसा लिहितात हे येत नाही. बाई जर तिच्या घरी एकदा गेल्या असत्या, तर त्यांनी फळ्यावर पेरूंच्या ऐवजी हरभरे लिहिले असते. एवढ्याशा अंतराने एखाद्या मुलीचे शिक्षण सुटते. आधी शेरा येतो, मग तिला स्वतःलाच आपण कच्च्या आहोत असे वाटू लागते, आणि पुढे एखाद्या वर्षी घरचे म्हणतात, “नाही तरी तिला जमत नाहीच, राहू दे घरी.” ज्या पुण्यात १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा उघडली, त्या पुण्याच्या जिल्ह्यातही हे घडू शकते, हे विसरता येत नाही.

धाकट्यासह शाळा

थोरलीच्या कडेवर धाकटे असते म्हणून ती शाळेत येत नाही, ही अडचण नवी नाही. तिच्यावरील एक उपाय महाराष्ट्रातच शोधला गेला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगर येथे बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली; ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून रुळला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी ‘विकासवाडी’ उभी केली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात असल्यामुळे थोरल्या बहिणीने धाकट्याला बरोबर आणावे, त्याला शेजारी सोडावे आणि आपण वर्गात बसावे, अशी ती योजना होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ही काढण्यात आली. मूल का येत नाही याचा शोध घेऊन शाळेनेच आपले रूप बदलावे, हे त्या कामाचे मर्म होय. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज बहुतेक गावांत शाळा व अंगणवाडी दोन्ही आहेत. उणीव असते ती दोहोंच्या मेळाची.

शिक्षकांस सूचना

१. गैरहजेरीसमोर कारण लिहावे. ‘घरी भावंड’, ‘वाळवण’, ‘खळ्यावर’ अशा दोन शब्दांच्या नोंदी महिनाभर ठेविल्यास कोणत्या मुलाला कोणती मदत हवी हे आपोआप दिसू लागते.

२. सकाळची शाळा सुरू होण्यापूर्वी अंगणवाडीताईंशी बोलून दोन्हींच्या वेळा जुळवून घ्याव्यात. थोरली शाळेत असताना धाकटे अंगणवाडीत असेल, तर अर्ध्या गैरहजेऱ्यांचे कारणच उरणार नाही. एखादे दिवशी धाकटे वर्गात आलेच, तर त्याला कोपऱ्यात चिंचोके व पाटी देऊन बसवावे. थोरलीला परत पाठवू नये.

३. चैत्रात निदान एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जावे. तेथे उपदेश करू नये. मूल घरी काय करते ते पाहावे व एक ओळ वहीत टिपावी.

४. धडा घरच्या वस्तूवरून काढावा. ज्या घरी गौर बसत नाही त्या घरीही माठ असतो, वाळवण असते, चिंचा फोडल्या जातात. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीसाठी पताका लावणाऱ्या मुलाने किती दोरीला किती पताका लागल्या हे मोजलेले असते. सर्वांच्या घरचा चैत्र वर्गात यावा.

५. अनुभवावरच थांबू नये. “पाच वाट्या आणि अर्धी” असे तोंडाने सांगणाऱ्या मुलीला ते अंकात लिहिता आले पाहिजे. ज्ञान घरचे असले तरी लिपी शाळेने द्यावयाची आहे.

६. थोरलीच्या शहाणपणाचे कौतुक करताना भावंड सांभाळणे हे तिचेच काम आहे असा समज दृढ होऊ देऊ नये. धाकटा मुलगाही पाणी भरावयास, भांडी मांडावयास व हरभरे निवडावयास शिकला पाहिजे. आज तो ताईचे पाहून सर्व काही करतो. हीच ती सवय लावण्याची वेळ आहे.

समारोप

अक्षय्य तृतीयेला गौरीचे विसर्जन होते, झोपाळा काढून ठेवितात आणि वाळवणाचे डबे भरून फळीवर जातात. थोड्याच दिवसांत उन्हाळ्याची सुट्टी लागते. सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा तीच मुलगी पुढच्या वर्गात येऊन बसेल आणि नशिबाने धाकटा शेजारच्या अंगणवाडीत असेल. पहिल्या दिवशी तिला पाढे विचारण्याऐवजी शिक्षकाने एवढेच विचारावे, “यंदा हळदीकुंकवाला किती बायका आल्या होत्या? हरभरे पुरले का?” तिच्या उत्तरातून त्या वर्षाचा पहिला धडा निघेल.