उक्ती लावणी देणाऱ्यांनो, चूड मोजा

एडवणात लावणीला माणूस मिळवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. पोरं सगळी तारापूरच्या एमआयडीसीत. त्यामुळे मुकादम म्हणेल ती पूर्व दिशा. उक्तं काम देतानाच मी बजावलं होतं: चारसूत्री लावणी, १५-२५ सेंटीमीटरवर, चुडात दोन-तीनच काड्या. खुणांची दोरी हातात दिली. "होईल शेठ!" मग मी कोर्टाच्या तारखेला पालघरला गेलो.

दुसऱ्या दिवशी युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचायला खाचरात उतरलो. चार चुडांच्या मधोमध एक गोळी, २.७ ग्रॅमची. पण चार चुडांचा चौकोनच सापडेना! कुठे दीड वीत अंतर, कुठे हातभर. एकेका चुडात आठ-दहा काड्या कोंबलेल्या. दोरी बांधावर, घडीही न मोडलेली. गुंठ्याला सव्वासहाशेच्या हिशेबाने आणलेल्या गोळ्या निम्म्याहून जास्त उरल्या.

मुकादमाला फोन लावला. "खत वाचलं ना शेठ, तुमचाच फायदा," म्हणाला आणि वर हसला. पैसे आदल्या संध्याकाळीच घेऊन टोळी पुढच्या गावी गेली होती.

विरळ भात फुटवे काढून जागा भरतं, असं शेजाऱ्यांनीही ऐकवलं. भरतं, पण किती? १५-२५ ला चौरस मीटरमध्ये २५ चूड बसतात, ३० बाय ३० ला जेमतेम ११. मधल्या जागेत तण माजतं. उशिराचे फुटवे उशिराच निसवतात. आधीच्या लोंब्या झडायला आल्या तरी हे हिरवेच. दाट चुडातल्या काड्या एकमेकींचंच खातात. झोडणीनंतर वारवलं तर पळंजाचा हा ढीग! सोयाबीनवाले ४५ बाय ५ वर यंत्राने पेरून मोकळे होतात. आमचं सगळं दुसऱ्याच्या हातावर.

म्हणून सांगतो, बांबूच्या कामट्यांची मीटरभर चौकट करा. पहिल्याच खाचरात चार ठिकाणी टाकून चूड मोजा. २५ च्या आसपास नसले तर तिथेच काम थांबवा. राबातली थोडी रोपं राखून ठेवा, आठ-दहा दिवसांत नांगे भरता येतात. गोळ्या खोचून होईपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवा. बाकी, शेतावर स्वतः उभं राहावं हे खरंच. पण कोर्टाची तारीख काय लावणी बघून पडते?

तोच मुकादम यंदा पुन्हा आगाऊ मागत गावात फिरतोय. देऊ नका.