रंकाळा दिसणारी खोली कशी निवडावी?

प्रश्न : सत्तरीतल्या आईला घेऊन दोन दिवस कोल्हापूरला येत आहोत. खोलीतून रंकाळा तलाव दिसावा आणि अंबाबाईचे मंदिरही जवळ असावे, असे वाटते. कुठे उतरावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तलावाच्या पूर्व काठाजवळ उतरा. तिथून मंदिर अगदी जवळ आहे, आणि पश्चिमेकडे खिडकी असेल तर पाण्यावरचा सूर्यास्त आईंना खोलीतच बसून पाहता येईल. नुसत्या ‘लेक व्ह्यू’ या शब्दांवर विसंबू नका. खोली कितव्या मजल्यावर आहे, खिडकीतून नेमके काय दिसते आणि लिफ्ट आहे का, हे फोनवर विचारून घ्या.

चौपाटीवर संध्याकाळी भेळ-मिसळीच्या गाड्यांभोवती गर्दी उसळते. आईंची झोप सावध असेल, तर रस्त्यालगतची खोली टाळून वरचा मजला मागा.

नवरात्रात किंवा मावळत्या सूर्याची किरणे अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवाच्या दिवसांत (९ ते ११ नोव्हेंबर, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी) यायचे असेल, तर खोली आधीच राखून ठेवा.

पहाटे मात्र आईंना काठावर जरूर न्या. संध्यामठ आणि १९३१–३४ मध्ये बांधलेला शालिनी पॅलेस त्या शांततेत फार देखणे दिसतात.