स्वमग्न मुलाचा छंद: खूळ नव्हे, शिकण्याची वाट

वस्तीत एखादे मूल तासन्‌तास बाटल्यांची झाकणे रांगेत लावत बसते. दुसऱ्याला एसटीच्या सगळ्या पाट्या पाठ असतात. तिसरे एकच भीमगीत दिवसातून वीस वेळा ऐकते. मूल हाक मारली तर बघत नाही, इतर मुलांत खेळत नाही. घरचे म्हणतात, ‘काय खूळ लागलं याला!’ आणि झाकणे फेकून देतात. मूल मग आकांत करते. खरे तर आईवडिलांनी तिथूनच सुरुवात करायला हवी.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. यात मेंदूची वाढ जन्मापासून वेगळ्या पद्धतीने होते. बोलणे उशिरा येते किंवा येत नाही, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे अवघड जाते, आवाज, उजेड किंवा स्पर्श सहन होत नाही. हा संसर्ग नाही, वेड नाही. लसीमुळे होत नाही, आईच्या चुकीमुळे होत नाही. मागच्या जन्मीच्या पापाचा तर प्रश्नच नाही. म्हणून अंगारे-धुपारे, बाबा-बुवा यांवर पैसा आणि वेळ घालवू नये. मुली शांत बसतात म्हणून त्यांची स्वमग्नता अनेकदा लक्षातच येत नाही.

छंदाने काय होते?

स्वमग्न मुलाला जग गोंगाटाचे आणि बेभरवशाचे वाटते. आवडीच्या कामात पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून मन शांत होते. आवडीच्या गोष्टीत ते जास्त वेळ लक्ष देते आणि त्याच निमित्ताने बोलायला, मोजायला, वाट पाहायला शिकते. आपल्याला काही जमते हा विश्वास येतो. तीच आवड असणारा सोबती मिळाला तर मैत्रीही होते. मोठ्या वयाच्या स्वमग्न माणसांनाही हे लागू आहे. पण छंद म्हणजे स्वमग्नता घालवणारे औषध नव्हे. माणूस आहे तसाच राहतो, त्याचे जगणे सुकर होते.

मुंबईची जिया राय हे आपल्या राज्यातले उदाहरण. लहानपणीच तिची स्वमग्नता लक्षात आली. उपचाराचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले आणि पाणीच तिची आवड बनली. 17 फेब्रुवारी 2021 रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत 36 किलोमीटर पोहली. 2022 मध्ये तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. जुलै 2024 मध्ये तिने इंग्लिश खाडी पार केली. प्रत्येक मूल जिया होणार नाही, व्हायलाही नको. आवड हेरून तिला रोजचा वेळ देणे, एवढे मात्र कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

घरी काय करावे?

1. आठ दिवस नुसते बघा. मूल स्वतःहून कशाकडे वळते ते लिहून ठेवा.
2. त्याच्या शेजारी बसून तेच करा. झाकणे लावत असेल तर एक झाकण तुम्ही द्या. मग रंग सांगा, मोजा. इथूनच देवाणघेवाण सुरू होते.
3. रोज ठरलेली वेळ ठेवा. थांबायच्या थोडे आधी सांगा. एकदम हिसकावू नका.
4. खर्च लागत नाही. तुरीच्या शेंगा सोलणे, कापसाच्या वाती वळणे, माती, डफ, चित्रे, झाडांना पाणी, यातले जे आवडेल ते.
5. शिक्षा म्हणून छंद बंद करू नका. पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखव’ असा आग्रहही नको.
6. मोबाईलच एकमेव छंद होऊ देऊ नका.

पाण्याची ओढ असलेल्या मुलाला विहीर, नाला, नदीजवळ क्षणभरही एकटे सोडू नका. भोंग्याचा आवाज सोसत नसेल तर मिरवणुकीत मागे, लांब उभे करा. विहारात गर्दी नसलेल्या वेळी एखादा तास अशा मुलांसाठी ठेवता आला तर वस्तीतले बाकीचे लोकही त्यांना ओळखू लागतील.

मदत कुठे?

शंका आली की थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, त्यांना मूल दाखवा. आशाताईंना विचारा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार विभागात जा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. शाळेत प्रवेश हा तर मुलाचा हक्कच आहे. कोणी नाही म्हटले तर कारण लेखी मागा.

जाताना मुलाच्या आवडींची यादी सोबत न्या. काय जमत नाही हे डॉक्टर विचारतीलच, काय जमते ते तुम्ही सांगा.