साखर कढईत कमी करू नका

कुंपणावरची करवंदं किंवा परसातली तुती भराला आली की जेलीच्या वड्यांचा बेत ठरतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो: साखर निम्मी घातली तर चालेल ना? आरोग्याचा विचार करणाऱ्याने असं विचारावं हे रास्तच आहे. तरीही माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. साखर कमी करायची ती ताटात, कढईत नव्हे. जेलीतली साखर नुसती गोडीसाठी नसते. फळातलं पेक्टिन रसात उतरतं तेव्हा त्याचे लांब धागे पाण्याने वेढलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांना धरत नाहीत. साखर ते पाणी स्वतःकडे ओढते, आंबटपणा धाग्यांना एकमेकांजवळ येऊ देतो आणि मगच जाळं तयार होतं. त्यासाठी मिश्रणाचा सामू 3 च्या आसपास लागतो आणि सुरीने कापता येतील अशा वड्यांसाठी शेवटी 70 ते 75 टक्के भाग साखरेचा व्हावा लागतो. मिश्रण 105 ते 107 अंश सेल्सियसपर्यंत आटलं की तिथवर पोचतो. (महाबळेश्वरात पाणीच 96 अंशांच्या आत उकळतं; तिथे हा आकडा चार-पाच अंशांनी खाली धरावा.) अर्धीकच्ची करवंदं पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही देतात. स्ट्रॉबेरी आणि तुती पेक्टिनला कमी पडतात, म्हणून त्यांच्यात थोडी कच्ची करवंदं मिसळावीत आणि लिंबू पिळावं. आंबट रस तांब्या-ॲल्युमिनियमच्या भांड्यात आटवू नये, स्टीलचं घ्यावं.

साखर निम्मी केली की वड्या धरत नाहीत, हा तोटा एक वेळ सोसता येईल. दुसरा अधिक गंभीर आहे. दाट साखरेत जंतूंना वाढायला मोकळं पाणीच उरत नाही; ती पातळ झाली की बुरशी आणि किण्व यांना रान मोकळं मिळतं. वर आलेली बुरशी चमच्याने काढून खालचं खाणं हा कंजूषपणा महागात पडू शकतो, कारण तिचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. साखर कमीच हवी असेल तर चायना ग्रास वापरा. ते समुद्री शेवाळापासून होतं आणि साखरेवाचूनही गोठतं. पण ती वडी फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायची असते. बरणीत भरून ठेवायचा तो पदार्थ नव्हे.

आता ताटाकडे वळू. दहा ग्रॅमच्या एका वडीत साधारण सात ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मुक्त साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आणि 5 टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक बरं, असं सुचवलं. प्रौढ माणसासाठी 5 टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. चार वड्यांत ही मर्यादा ओलांडते, आणि दिवसभराचा चहा अजून मोजलेलाच नाही. यावर ‘पण हे घरचं फळ आहे’ असं म्हटलं जातं. खरं आहे, पण गाळलेल्या रसात चोथा उरत नाही, आटवताना ‘क’ जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं आणि रस गाळल्यावर त्यातली साखरही संघटनेच्या मोजणीत मुक्त साखरच ठरते. मधही त्याच हिशेबात येतो. गुळाने रंग आणि चव बदलते, रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने फारसं काही बदलत नाही. बाजारच्या वड्यांपेक्षा घरची वडी सरस ठरते ती एका कारणाने: किती साखर ओतली हे ओतणाऱ्याला ठाऊक असतं आणि तुकडा केवढा कापायचा हे त्याच्याच हातात असतं. तेव्हा वड्या पाच ग्रॅमच्या कापा, सुपारीएवढ्या.

केव्हा खायची, हेही किती खायची याइतकंच महत्त्वाचं आहे. स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेत 1940 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं की जेवणाबरोबर साखर खाल्ल्याने दात थोडेच किडले, पण चिकट गोळ्या दोन जेवणांच्या मधल्या वेळेत खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना त्यासाठी वापरलं गेलं, हा त्या संशोधनावरचा कायमचा डाग आहे. निष्कर्ष मात्र टिकून आहे. म्हणून वडी जेवणानंतर लगेच खावी, चुळा भराव्यात आणि मुलांच्या हाती डबा देऊ नये. चार वर्षांखालच्या मुलांना ती देऊच नये. मऊ, निसरडा, चिवट तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. मधुमेह असणाऱ्यांनी जांभळाची जेली औषध समजून खाऊ नये. ताजं जांभूळ आणि तीन हिस्से साखरेत आटवलेला त्याचा रस या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्लुकोमीटरला बरणीवरच्या चिठ्ठीतलं नाव वाचता येत नाही.